बिबट्या उसात राहतो म्हणजे नेमकं काय करतो?

पाऊलखूण (धागाकर्ता) | ११ नोव्हेंबर, रात्री ९.१०

गळीत हंगाम सुरू झाला की ठरलेली बातमी येते: 'अमुक गावात बिबट्या शिरला'. शिरला कुठून, हे कोणी विचारत नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर आणि पलीकडे अकोले, संगमनेर या पट्ट्यात उसातच जन्मलेल्या आणि उसातच वाढलेल्या बिबट्यांच्या कित्येक पिढ्या झाल्या. त्यांच्या लेखी ऊस हेच रान. त्याच्या सवयी, खुणा आणि वस्तीवर काय करावं, काय करू नये, यावर इथे नेमकं बोलूया. निसर्गाच्या समतोलावरचे निबंध नकोत. कुठल्या तरी परराज्यातले व्हिडिओ 'आपल्या शिवारात काल रात्री' म्हणून तर अजिबात नकोत.

सुरुवात मी करतो. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली (माणिकडोह, येडगाव, पिंपळगाव जोगे, वडज, डिंभे), कालवे आले आणि बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. बिबट्याला तीन गोष्टी लागतात: दिवसा पडून राहायला आडोसा, जवळ पाणी आणि त्याच्या तोंडात मावेल असं खाणं. पहिल्या दोन ऊस देतो, तिसरी आपण देतो.

ही तिसरी म्हणजे शेळी, असा सगळ्यांचा समज. अकोल्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला तेव्हा वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के खाणं पाळीव प्राण्यांचं निघालं. त्यात कुत्री ३९ टक्के आणि मांजरं १५ टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही खाण्यात त्यांचा वाटा ११ टक्क्यांवरच. कारण सरळ आहे. शेळी रात्री आत असते, कुत्रं उकिरड्यावर असतं. कोंबड्यांची घाण आणि हॉटेलचं उष्टं जिथे उघड्यावर पडतं तिथे कुत्री जमतात, आणि कुत्री जमतात तिथे बिबट्याची फेरी लागते.

याच अकोल्याच्या खोऱ्यात कॅमेरे लावून मोजणी झाली, तेव्हा १०० चौरस किलोमीटरला ४.८ बिबटे आणि जवळपास तेवढीच तरसं असा अंदाज आला. माणसांची वस्ती चौरस किलोमीटरला ३०० च्या वर. म्हणजे तो दिसत नव्हता इतकंच.

---

खोडवा | ११ नोव्हेंबर, रात्री १०.०२

चांगला धागा. उसाच्या बाजूनं थोडी भर घालतो.

आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लागतो आणि १६-१८ महिने उभा राहतो. पूर्वहंगामी लागण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, 'सुरू' नावाची लागण जानेवारी-फेब्रुवारीत, वर खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारा) आहेच. एका शिवारात हे सगळं शेजारी शेजारी असतं. त्यामुळे एक फड तुटला तरी दोन बांधांपलीकडे पुरुषभर उंच ऊस उभाच. बिबट्याचं घर मोडत नाही, फक्त खोली बदलते. ही खोली बदलताना तो दिसतो, आणि मग 'संख्या वाढली' अशी ओरड होते.

आतमध्ये पाचट (उसाची वाळलेली पानं) अंथरल्यासारखं असतं, सरीत ओल असते, भर उन्हात बाहेरच्यापेक्षा गारवा असतो. माणूस आत शिरला तर पाचट वाजतं, बिबट्याला आधीच कळतं. सहा-सात महिने त्या फडात खोलवर फारसं कोणी जात नाही. अशी निवांत जागा त्याला जंगलातसुद्धा मिळायची नाही.

---

निशाचर | ११ नोव्हेंबर, रात्री १०.४०

दिवसाचं वेळापत्रक मी देतो. गळ्यात जीपीएस पट्टा घातलेल्या बिबट्यांवरून ते बरंचसं कळलं आहे.

दिवसा बहुतेक वेळ पडून. दिवे लागणीनंतर हालचाल सुरू, पहाटे उजाडायच्या आत परत आडोशाला. रात्री ही जनावरं घरांच्या अगदी जवळून जातात, काही वेळा २५ मीटरच्याही आतून. पण दिवसा माणूस जिथे वावरतो तिथून लांब. जागा तीच, वेळा वाटून घेतलेल्या. माणसाचं दार लागलं की त्याचं उघडतं.

चालतो कुठून? उसाच्या आतून नाही, आत फार आवाज होतो. बांध, चारीचा काठ, ओढ्याचं पात्र, गाडीवाट, म्हणजे आपण जिथून चालतो तिथूनच. वाटेत खुणा करत जातो. झाडाच्या बुंध्यावर किंवा झुडपावर शेपटी वर करून मुताची फवारणी, मागच्या पायांनी वीतभर माती खरडणं, आडव्या खोडावर नख्या ओढणं, वाटेच्या मधोमध विष्ठा. ही त्याची नोटीस असते: 'मी इथे आहे, अमुक दिवशी गेलो होतो.' दुसरा बिबट्या हे हुंगून वेळ बदलतो किंवा वाट बदलतो. नराच्या इलाख्यात दोन-तीन माद्यांचे इलाखे येतात. मादीचा इलाखा लहान, आणि खाणं भरपूर असेल तिथे आणखी लहान.

आवाज म्हणाल तर डरकाळी नाही. लाकडावर करवत ओढावी तसा, आत-बाहेर श्वासाचा, दहा-पंधरा वेळा सलग. रात्री ऐकणारा म्हणतो 'कोणीतरी लाकूड कापतंय'.

---

करडई | १२ नोव्हेंबर, सकाळी ७.२५

ठसे कसे ओळखायचे? आमच्या ग्रुपवर रोज कोणीतरी कुत्र्याच्या पायाचा फोटो टाकून 'बिबट्या' म्हणतो.

---

पाऊलखूण | १२ नोव्हेंबर, सकाळी ८.०५

@करडई, चार गोष्टी बघा, याच क्रमाने.

नखं. मांजरकुळातले प्राणी चालताना नखं आत ठेवतात. बोटांपुढे टोचल्यासारखे ठिपके दिसले तर ९० टक्के प्रश्न मिटला: कुत्रा, कोल्हा किंवा तरस. चिखलात घसरताना बिबट्याचीही नखं उमटतात, म्हणून एका ठशावर निकाल देऊ नका, सलग पाच-सहा बघा.

गादी. तळव्याच्या गादीची मागची कड बघा. बिबट्याची तीन पाळ्यांची असते. कुत्र्याची गादी लहान आणि त्रिकोणी.

मांडणी. कुत्र्याचा ठसा मधून दुमडला तर दोन्ही बाजू जुळतात, मधली दोन बोटं सारखी पुढे. बिबट्याचं एक बोट जरा पुढे असतं, आपल्या मधल्या बोटासारखं. ठसा थोडा तिरपा वाटतो.

माप. मोठ्या बिबट्याचा पुढचा ठसा साधारण ७ ते ९ सेंटीमीटर रुंद. रानमांजराचा ४ च्या आसपास. तरसाचा पुढचा ठसा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो आणि नखं बोथट उमटतात.

फोटो काढताना ठशाशेजारी काडेपेटी किंवा पट्टी ठेवा आणि मोबाइल सरळ वरून धरा. तिरक्या फोटोत मांजर बिबट्या होतं. आणि ठसा ओल्या मातीत पसरतो, हेही धरून चाला.

---

ओढ्याकाठी | १२ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

शिकार कोणी केली ते ओळखणंही महत्त्वाचं आहे, भरपाई त्यावर अडते.

बिबट्या गळा धरतो. गळ्यावर, जबड्याखाली चार सुळ्यांची भोकं. वरून रक्त फार दिसत नाही, पण कातडी सोलली की आत रक्त साकळलेलं दिसतं. मोकाट कुत्र्यांनी मारलेल्या शेळीला मागच्या मांड्या, पोट, कान असे जागोजागी लचके असतात, आणि पळापळीत सगळीकडे रक्त सांडलेलं असतं. तरस बहुधा मेलेलं ओढून नेतं आणि हाडं फोडून खातं. हाडांचा चुरा पडला असेल तर शेवटी तिथे तरस आलं होतं, मारणारा कोणीही असो.

ओढल्याची रेघ शोधा. बिबट्या शिकार आडोशाला नेतो, उसात, घाणेरीत किंवा झाडावर. उसाच्या पट्ट्यात झाडावर न्यायची त्याला फारशी गरज पडत नाही, वाटणीला वाघ नाही आणि तरस उसात आत शिरत नाही.

मेलेलं जनावर हलवू नका, पुरू नका. ४८ तासांच्या आत जवळच्या वन अधिकाऱ्याला कळवायचं असतं, मग पंचनामा आणि पशुवैद्यकाचा दाखला. बहुतेकांचं इथेच चुकतं. वास येतो म्हणून जनावर ओढ्यात टाकतात आणि मग पंचनाम्याला काहीच उरत नाही. जनावर न हलवता लगेच चारी बाजूंनी फोटो काढा. वनखात्याची हेल्पलाइन १९२६.

दुसऱ्या रात्री बिबट्या त्याच शिकारीकडे परत येतो. म्हणून 'बघायला' म्हणून संध्याकाळी तिथे गर्दी करू नका.

---

फिरस्ता_८१ | १२ नोव्हेंबर, दुपारी १.१५

हे सगळं ठीक आहे राव. पण सरळ उपाय का नाही? सगळे पकडा आणि ताडोबात नाहीतर कोयनेत सोडा. जंगली जनावर जंगलात, माणूस गावात.

---

निशाचर | १२ नोव्हेंबर, दुपारी २.००

@फिरस्ता, हा प्रयोग होऊन गेला आहे, आणि नेमका जुन्नरमध्येच.

२००१ नंतर जुन्नर विभागात मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसऱ्या जंगलांत सोडले गेले. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. २००१ ते २००३ मध्ये ते वर्षाला सरासरी १७ झाले. जिथे नेऊन सोडले त्या भागांतही हल्ले सुरू झाले. म्हणजे एका तालुक्याचा प्रश्न दोन तालुक्यांचा झाला.

असं का होतं, ते त्याच्या इलाख्याच्या सवयीतच आहे. मुरलेल्या बिबट्याला शिवार पाठ असतं. कोणती वस्ती कधी झोपते, कुत्री कुठे, पाणी कुठे, माणूस कुठून येतो. तो माणसाला टाळण्यात तरबेज झालेला असतो. तो उचलला की जागा रिकामी होते, आणि आईपासून नुकतेच वेगळे झालेले दीड-दोन वर्षांचे उनाड बिबटे तिथे घुसतात. त्यांना ना शिवार माहीत, ना शिकारीचा हात बसलेला. दुसरीकडे, उचललेला बिबट्या अनोळखी मुलखात पडतो. पिंजऱ्यात त्याने दात मोडून घेतलेले असतात, नख्या उखडलेल्या असतात. तो बहुधा तिथे राहत नाही, चालू लागतो.

२००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेल्या एका म्हाताऱ्या नराला पट्टा घालून माळशेज घाटात सोडलं होतं. तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. वाटेत महामार्ग, रेल्वेलाइन, वसईची खाडी. सगळ्या प्रवासात कोणाला काही केलं नाही. त्याचं नाव 'आजोबा' पडलं. डिसेंबर २०११ मध्ये घोडबंदरजवळ गाडीखाली गेला.

केंद्राच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचना याच अनुभवावर उभ्या आहेत: विनाकारण पकडू नका, पकडलाच तर शक्यतो तिथेच सोडा.

---

फिरस्ता_८१ | १२ नोव्हेंबर, दुपारी २.३५

ज्या घरातलं पोरगं गेलं त्या ओसरीवर बसून हे आकडे वाचून दाखवा.

---

खोडवा | १२ नोव्हेंबर, दुपारी ३.१०

@फिरस्ता यांचं बरोबर आहे आणि निशाचरांचंही. माणसावर हल्ला झाला की पिंजरा लावावाच लागतो, त्यावर वाद नको. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीनं तसं करता येतं. वाद आहे तो 'बिबट्या दिसला' म्हणून पिंजरा लावण्यावर.

पिंजऱ्याला चेहरा कळत नाही. मागच्या कप्प्यात शेळी किंवा कुत्रं, पुढे पडतं दार. जो पहिला भुकेला येतो तो अडकतो. तो हल्ला करणाराच असेल असं नाही. बरेचदा अननुभवी पिल्लू किंवा पिल्लांची आई अडकते. म्हणून हल्ल्याच्या जागी आधी कॅमेरे, जखमेवरचे नमुने, ठशांचं माप, आणि पकडल्यावर अंगावरच्या ठिपक्यांशी जुळवणी. 'एक पकडला, प्रश्न संपला' म्हणून गाव निर्धास्त झालं आणि खरा जागेवरच राहिला, तर पुढचा हल्ला अटळ.

---

करडई | १२ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.४५

हल्ले नेमके कोणावर आणि कसे होतात यावर कोणी लिहाल का?

---

ओढ्याकाठी | १२ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.२०

लिहितो. बिबट्या भक्ष्य उंचीवरून जोखतो. उभा माणूस त्याच्या हिशेबात बसत नाही. वाकलेला, उकिडवा बसलेला, जमिनीवर झोपलेला माणूस आणि लहान मूल हे मात्र कुत्र्या-शेळीच्या मापाचे होतात. हल्ल्यांची वर्णनं काढून बघा: उसाच्या कडेला खुरपणारी किंवा गवत कापणारी बाई, परसाकडे बसलेला माणूस, कोपीच्या (ऊसतोडणीवाल्यांच्या झोपडीच्या) दारात झोपलेलं लेकरू, अंधार पडल्यावर ओसरीच्या कडेला खेळणारं मूल. वेळ बहुधा संध्याकाळी सहा ते रात्री दहा आणि पहाट.

यावरून निघणारी कामं:

घर आणि ऊस यांच्यात निदान २०-२५ फूट मोकळं रान ठेवा. ओसरीपर्यंत ऊस लावून दोन गुंठ्यांत काय तो जास्तीचा ऊस निघतो?

गवत कापताना दोघी असाव्यात, एकीनं उभं राहावं. बसायचंच तर तोंड उसाकडे, पाठ मोकळ्या रानाकडे. तो मागून येतो.

रात्री एकट्यानं जायची वेळ आली तर बॅटरी, घुंगराची काठी आणि मोबाइलवर गाणी. गाणं कुठलंही चालेल, भजन असो नाहीतर लावणी. त्याला फक्त कळलं पाहिजे की माणूस येतोय. अचानक समोरासमोर येणं हाच धोका.

समोर दिसला तर पळू नका, पाठ करू नका, वाकून दगड उचलू नका. मुलाला कडेवर घ्या, हात वर करा, मोठ्यानं बोला, हळूहळू मागे सरका.

आणि खरा प्रश्न विजेचा. शेतीपंपाला थ्री फेज लाइट रात्रीची असेल तर माणूस रात्री दोन वाजता बारं (पाणी) द्यायला उसात जाणारच. बिबट्याची कामाची वेळ आणि पंपाची वेळ एकच करून ठेवली आहे. दिवसा वीज देणारी सौर कृषी वाहिनी योजना ज्या फीडरवर (वीजवाहिनीवर) आली, तिथे हा धोका आपोआप कमी होतो. माझ्या मते शंभर पिंजऱ्यांपेक्षा दिवसाचे आठ तास लाइट जास्त उपयोगाची.

---

गव्हाणी | १२ नोव्हेंबर, रात्री ९.००

गोठ्याबद्दल मी लिहिते. लोक भिंत उंच करतात आणि वर उघडं ठेवतात. बिबट्या दहा फुटांची उडी सहज मारतो. भिंतीची उंची हा प्रश्नच नाही, छप्पर हा आहे.

चारी बाजूंनी आणि वरून जाळी. दोन इंची चौकोनाची वेल्ड जाळी, १० किंवा १२ गेजची. कोंबड्यांची षटकोनी जाळी नको, ती पंजानं फाटते. कडेला लोखंडी अँगल, जाळी त्याला वेल्ड केलेली. तारेनं बांधलेली जाळी एका कोपऱ्यातून उसवतो. खाली एक फूट जाळी मातीत गाडा किंवा दगडाची रांग द्या. दाराखाली चार इंचांपेक्षा जास्त फट नको: डोकं गेलं की अंग जातं. कडी बाहेरून, वर आणि खाली दोन. पत्र्याचं छप्पर असेल तर पत्रा आणि भिंत यांच्यातली वाऱ्याची फट जाळीनं बंद करा. बरेच बिबटे तिथूनच येतात.

एका रात्रीत दहा-पंधरा शेळ्या मेल्याच्या बातम्या येतात त्या अशा अर्धवट गोठ्यातल्या. आत शिरता आलं, पण शेळी घेऊन बाहेर पडता आलं नाही. बाकीच्या शेळ्या कोंडीत सैरावैरा धावतात, आणि समोर धावणारं धरणं हे त्याच्या अंगातच आहे. क्रूरपणा वगैरे काही नाही. मोकळ्या रानात एक धरून तो चालू लागतो.

दिवा कायमचा लावला तर पंधरवड्यात सवय होते. उघडझाप करणारे, रंग बदलणारे दिवे बरे, पण तेही तीन-चार दिवसांनी जागा बदलून. बाकी फटाके वगैरे चार रात्रींचं काम.

कुत्रं बाहेर बांधणं म्हणजे ताट वाढून ठेवणं. साखळीमुळे त्याला पळताही येत नाही. आत घ्या, नाहीतर जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा.

---

मेंढवाडा | १२ नोव्हेंबर, रात्री ९.४०

@गव्हाणी ताई, धनगरांच्या वाघरीचं काय? वाघूर म्हणजे ती सुताची जाळी. तिनं बिबट्या अडतो का?

---

गव्हाणी | १२ नोव्हेंबर, रात्री १०.०५

नावात वाघ असला तरी वाघूर मेंढरं आत ठेवते, वाघाला बाहेर नाही. तिथे राखण होते ती माणसं, कुत्री आणि शेकोटीमुळे. वाघूर उसाला लागून न लावता मोकळ्या नांगरटीत लावली, आणि कोकरं मधोमध ठेवली, की बिबट्याला दबा धरायला जागा उरत नाही. तो दबा धरून जवळ येणारा आहे, लांब पाठलाग करणारा नाही. वीस-तीस फूट मोकळी जमीन त्याला आवडत नाही.

---

करडई | १३ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

तोडणीत पिल्लं सापडली तर? दरवर्षी फोटो येतात, पोरं मांडीवर घेऊन बसलेली.

---

निशाचर | १३ नोव्हेंबर, सकाळी ८.४५

आधी आईची सवय समजून घ्या. विणीला ठरावीक ऋतू नाही. गाभण काळ ९० ते १०५ दिवस, पिल्लं बहुधा दोन-तीन. डोळे आठ-दहा दिवसांत उघडतात. आई त्यांना दाट सरीत ठेवून शिकारीला जाते आणि कितीतरी तास येत नाही. दर काही दिवसांनी मानगुटीला धरून जागाही बदलते. म्हणून 'टाकून दिलेली' पिल्लं जवळपास कधीच टाकून दिलेली नसतात. आई शंभर-दोनशे मीटरवरच्या दुसऱ्या फडात अंधार पडायची वाट बघत असते.

पिल्लं दिसली की तेवढ्या भागाची तोड थांबवा. पिल्लांभोवतीचा ऊस उभा ठेवा, तोडणीची टोळी लांब न्या, १९२६ ला किंवा वनरक्षकाला फोन करा. दूध पाजू नका. गाई-म्हशीच्या दुधानं जुलाब लागून पिल्लू जातं.

डॉक्टर तपासतात: वजन, लिंग, जखमा, गोचिड्या. मायक्रोचिप बसवतात. जुन्नर भागात हे काम माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे डॉक्टर आणि वनखातं मिळून करतात. मग दिवस मावळायच्या आत पिल्लं हवेशीर खोक्यात घालून सापडली त्याच जागी ठेवतात. खोकं असं की कोल्हा-कुत्र्याला उघडता येऊ नये, पण बिबट्यानं ढकललं की उघडावं. बाजूला कॅमेरे, माणसं लांब. आई रात्री येते, खोकं हुंगते, उलटवते आणि एकेक पिल्लू नेते. दोन नेऊन तिसऱ्यासाठी तासाभरानंही येते, म्हणून एक नेलं की धावत जाऊ नये. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच.

माणसाचा वास लागला म्हणून आई पिल्लू घेत नाही, हा समज खोटा. इतक्या हाताळलेल्या पिल्लांना आयांनी परत नेलं आहे. न शिवण्याचं कारण वेगळं: आई जवळ असते, आणि पिल्लू ओरडलं की येते.

---

पाऊलखूण | १३ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

जोड: सापडलेल्या 'बिबट्याच्या पिल्लां'तली बरीच रानमांजराची असतात. रानमांजराच्या पिल्लाच्या अंगावर फिकट पट्टे, शेपूट आखूड आणि टोकाला काळी वळी. बिबट्याच्या पिल्लाचे ठिपके दाट, अंग जाड, पंजे अंगाच्या मानानं थोराड. दोन्ही बाबतींत करायचं काम एकच: जागेवर ठेवा.

---

मेंढवाडा | १३ नोव्हेंबर, दुपारी १२.१०

विहिरीत पडलेल्यांवरही लिहा कोणीतरी.

---

ओढ्याकाठी | १३ नोव्हेंबर, दुपारी १.००

विहिरीचं तोंड जमिनीला सपाट, कडेला गवत, रात्री कुत्र्यामागे पळताना सरळ आत. तीन-चार फूट कठडा बांधला तर निदान पुढे काही आहे हे त्याला दिसतं. वर जाळी असेल तर उत्तम.

पडलेला पोहतो, पण थकतो. पहिलं काम बाज. चार कोपऱ्यांना चार दोर बांधून पाण्याला टेकेल अशी सोडायची, तो चढून बसतो आणि दम घेतो. मग पिंजरा, दार उघडं, बाजेला लागून. बहुतेक वेळा अंधार वाटला म्हणून तो स्वतःच आत जातो. पाण्यात असताना भुलीचं इंजेक्शन नाही. औषध चढायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात बुडून मरतो. 'बंदूक मारा ना' असं काठावरून ओरडणाऱ्यांना हे सांगा. गर्दी हटवणं हे निम्मं काम आहे, कठड्यावरून माणूसच आत पडायचा. शिडी सोडली तर तो चढून थेट गर्दीत येतो, म्हणून शिडी रात्री, माणसं हटवून.

---

फिरस्ता_८१ | १३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३०

एकूण आहेत तरी किती? सरकारी आकडा काय?

---

पाऊलखूण | १३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.१५

२०२२ च्या अंदाजात देशात १३,८७४, महाराष्ट्रात १,९८५. पण ही मोजणी प्रामुख्याने वाघांच्या जंगलांबरोबर झालेली. उसाचा पट्टा त्यात नीट धरलेला नाही. त्यामुळे हा आकडा दाखवून जुन्नरमध्ये 'इतकेच' किंवा 'इतके वाढले' असं दोन्ही म्हणता येत नाही.

मोजायचं तर कॅमेऱ्यानंच. वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक, कारण डाव्या आणि उजव्या कुशीचे ठिपके वेगळे असतात आणि दोन्ही बाजू मिळाल्याशिवाय जनावर ओळखता येत नाही. उंची जमिनीपासून ४०-४५ सेंटीमीटर, वाटेपासून तीन-चार मीटर. अगदी समोरासमोर न लावता थोडे तिरके, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याचा फोटो खातो. समोरचं गवत छाटा. वाऱ्यानं हलणाऱ्या एका पात्याचे रात्रीत दोन हजार फोटो निघतात आणि बॅटरी संपते.

---

करडई | १४ नोव्हेंबर, रात्री ८.२०

शेवटचा प्रश्न. उद्या ४० गुंठ्यांचा फड तुटायचाय. कडेला ठसे आहेत, पिल्लं आहेत की नाहीत माहीत नाही. तोड कुठून सुरू करायची?

---

खोडवा | १४ नोव्हेंबर, रात्री ८.५०

चारी बाजूंनी आत येत जायचं नाही. मधे शेवटचा तुकडा उरतो, जनावर त्यात कोंडतं आणि फुटतं ते माणसाच्या अंगावर. ओढा कुठल्या बाजूला आहे?

---

करडई | १४ नोव्हेंबर, रात्री ८.५५

पूर्वेला. पश्चिमेला रस्ता आणि कोप्या.

---

खोडवा | १४ नोव्हेंबर, रात्री ९.१०

मग पश्चिमेकडून सुरू करा, एका रांगेत पूर्वेकडे सरका. ओढ्याच्या बाजूला एकही माणूस, गाडी, बैल नको. सुरू करण्याआधी रस्त्याच्या कडेला दहा मिनिटं ट्रॅक्टर चालू ठेवा, डबे वाजवा, त्याला उठून जायला वेळ द्या. उजेड पुरता झाल्यावर हात घाला, साडेसातच्या आधी नको. टोळीची लेकरं ट्रॉलीत, बांधावर नाही. शेवटच्या पाच-सहा सऱ्या संध्याकाळपर्यंत उरल्या तर उरू द्या, परवा सकाळी तोडा. आणि पाचट लगेच पेटवू नका, आधी सरी-सरीनं बघून घ्या.

---

करडई | १४ नोव्हेंबर, रात्री ९.१५

मुकादमाला सांगितलं. तो म्हणतोय साडेसात फार उशीर, गाडी भरत नाही.

---

खोडवा | १४ नोव्हेंबर, रात्री ९.२०

सात म्हणा मग. सहा नाही.